कोरड्या डोळ्यांची कीर्ती

॥ श्रीहरि ॥

बोनकोडे, कोपरखैरणे
अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल २०२५

चि. कमळीस,

रामचंद्राचे मनःपूर्वक आशीर्वाद. सारसोळ्यात तुम्हा सर्वांचे क्षेम असावे, अशी प्रार्थना करून लेखणी उचलतो.

तुझी थोरली बहीण, माझी गोजरा, चार वर्षांपूर्वी वैकुंठवासी झाली. तिच्या तेराव्या दिवशी मी देवळात निरूपण करीत असता तू मध्येच उठून गेलीस, आणि त्यानंतर माझा एकही फोन तू घेतला नाहीस. त्याचा दोष मी तुला देत नाही. न वाचता पत्र परत धाडण्याची सोय टपालखात्याने ठेवलेली आहे; ती तुला ठाऊक नसावी, एवढ्याच आशेवर हे लिहितो आहे. शिवाय तू फोन घेतला असतास, तरी मला फार वेळ बोलता आले नसते. कारण सांगतो.

गेल्या हिवाळ्यापासून तोंडाला कोरड पडू लागली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपे. बोटांचे सांधे सकाळी उघडत नसत. पूजेची घंटा हातातून निसटे. मी ते वार्धक्य म्हणून स्वीकारले होते. पण सूनबाई योगिनीचे लक्ष तीक्ष्ण. एके दिवशी ताट वाढता वाढता ती म्हणाली, "बाबा, तुम्ही भाकरी खाताय की पाण्याबरोबर ढकलताय?" आणि माझे काही न ऐकता तिने मला वाशीला डॉ. नंदिनी यांच्यापुढे नेऊन बसवले. त्यांनी रक्त तपासले. डोळ्याच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ठेवली. ती जशी ठेवली तशीच कोरडी निघाली. ओठाच्या आतला कणभर तुकडाही तपासणीस धाडला. मग नाव सांगितले: शोग्रेन.

शरीराचे रक्षण करणारी जी आतली फौज असते, ती स्वकीयांनाच परके समजून त्यांच्यावर चालून जाते, असा हा आजार आहे. माझ्या बाबतीत तिने लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथी निवडल्या आहेत. पुराणांतली स्वकीयांची युद्धे आयुष्यभर वाचली आणि सांगितली. तसेच एक माझ्या जिभेखाली चालू असेल, याची कल्पना नव्हती. मी विचारले, "बाई, हे कोणत्या कर्माचे फळ समजावे?" त्या म्हणाल्या, "आजोबा, कर्माची टेस्ट आमच्या लॅबमध्ये होत नाही. यात तुमची काही चूक नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा." हा विकार बहुधा स्त्रियांना होतो, असेही त्यांनी सांगितले. बाहेर बाकावरच्या बायका माझ्याकडे रस्ता चुकलेल्या माणसासारख्या का पाहत होत्या, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

समूळ जाईल असे औषध नाही. आवर घालणाऱ्या गोळ्या आहेत, डोळ्यांत घालायचे थेंब आहेत. या वयात एवढी काळजी घेणारी माणसे भोवती आहेत, याबद्दल मी देवाचा ऋणी आहे.

फक्त श्रावणातली पोथी यंदा माझ्याकडून होणार नाही. ओव्या म्हणू लागलो की थोड्याच वेळात जीभ टाळूला चिकटते. देवळातल्या मंडळींना अजून सांगितलेले नाही. तुला प्रथम कळवतो, कारण गोजरा असताना तू सारसोळ्याहून येऊन बायकांच्या पहिल्या रांगेत तिच्याशेजारी बसायचीस.

माझे दुःख मोठे नाही. तू ते मनाला लावून घेऊ नयेस.

तुझा हितचिंतक,
रामचंद्र म्हात्रे

*

सारसोळे
शुक्रवार, ९ मे

दाजी,

नमस्कार. पत्र मिळालं. परत पाठवायची सोय हाय ते मला ठाऊक व्हतं. पाठवलं नाय.

आजाराचं वाचून वाईट वाटलं. भांडन माझं तुमच्याशी हाय, तुमच्या जिभेशी नाय. तोंड सुकतंय तर पानी प्या. एकादश्या कमी करा, देव काय हजेरी घेत नाय बसलेला. आनि बायकांचा आजार झाला म्हनून लाजू नका. बायका असले आजार घेऊन बाजार करतात, घर करतात, वर तुमची पोथी पन ऐकतात.

योगिनी गुनाची हाय. तिचं ऐका.

पन एक गोष्ट लिवल्याबिगर ऱ्हावत नाय. डोळे कोरडे झाले म्हनून लिवलंत, जसं काय आत्ताच झालंय. त्यात नवीन काय? ते डोळे मी चार वर्सांपूर्वीच बघितलेत. माझी बहीन अंगनात निजवलेली, अख्खं बोनकोडं रडत व्हतं, आनि तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. वर तेराव्याला आसनावर बसून सांगितलंत, आत्मा मरत नाय, शोक करू नका. लोक माना हलवत व्हते. बुवा पोचलेले हायेत, बुवा पोचलेले हायेत. मी उठले नसते तर तिथंच काय बोलले असते ते देवालाच ठाऊक.

आता पोथी करा नायतर नका करू. मला कशाला इचारता?

कमळी

ता. क. थेंब कसले घालता डोळ्यांत? बाजारात एकजन म्हनाली, बाटलीतले आसू मिळतात. खरं काय?

*

॥ श्रीहरि ॥

बोनकोडे
१४ मे २०२५

चि. कमळीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्रातले एक वाक्य मी किती वेळा वाचले, हे सांगितले तर तू हसशील. "त्यात नवीन काय?" तू ते रागाने लिहिलेस. मला मात्र ते वाचताक्षणी काहीतरी दिसले, आणि दिसलेले खरे ठरू नये म्हणून मी दोन दिवस ते कोणाला बोललो नाही. मग न राहवून डॉ. नंदिनी यांच्याकडे गेलो.

मी विचारले, "हा आजार मला केव्हापासून असावा?"

त्या म्हणाल्या, "ते तुम्हीच सांगा. दात कधीपासून किडायला लागले?"

मला आठवले. गोजरा गेली त्याच्याही आधी दोन-तीन वर्षे एकामागून एक दाढा काढाव्या लागल्या होत्या. कोरडी भाकरी तेव्हाच नकोशी झाली होती.

"आणि शेवटचे रडलात कधी?"

मी बोटांवर वर्षे मोजू लागलो. त्यांनीच सांगितले, की असे पुष्कळ रुग्ण असतात ज्यांना रडू येते, पण पाणी येत नाही. बाईंनी हे अगदी सहज सांगितले; पुढच्या रुग्णाचे कागदही हातात घेतले होते. त्यांना काय ठाऊक, की त्यांनी माझ्या गळ्यातला हार काढून घेतला.

कमळे, तुला सारे सांगायला हवे. तरुणपणी पोथी वाचताना माझ्या डोळ्यांतून धारा लागत. गोजरा त्यावरून मला चिडवत असे. पुढे कधीतरी त्या धारा थांबल्या. मला वाटले, साधना पिकली. भावनेचा पूर ओसरून बुद्धी स्थिर झाली. शास्त्रात ज्याची लक्षणे वर्णिली आहेत, दुःखाने जो उद्विग्न होत नाही, त्या पुरुषाच्या उंबरठ्यापर्यंत आपण आलो असे मी मनोमन धरून चाललो. गोजरा गेली त्या दिवशी ते सिद्ध झाल्यासारखे वाटले. लोक तसे म्हणाले आणि मी ते मानले. ती गेल्यावर माझ्यापाशी तेवढाच एक आधार उरला होता, की निदान अध्ययनाचे फळ तरी पदरात पडले आहे. चार वर्षे मी त्याला टेकून बसलो.

त्या दिवशी छाती दाटून आली होती. डोळ्यांची मात्र नुसती आग होत होती. त्या आगीला मी वैराग्याचा अग्नी म्हणालो. ती कोरडी बुबुळे होती.

लाळ गेली, त्याचे मला दुःख नाही. थेंब घालावे लागतात, त्याचेही नाही. पण या आजाराने मागे जाऊन माझे एक मिळवलेले धन खोटे ठरवले, ते मला सोसवत नाही. पोथी करणार नाही असे तुला कळवले तेव्हा जिभेचे निमित्त खरे होते. आता जीभ सुधारली तरी आसनावर कोणत्या तोंडाने बसू? इतकी वर्षे लोकांना जे सांगितले, त्यातले मला स्वतःला काय साधले होते?

बाटलीतल्या अश्रूंविषयी विचारलेस. होय, मिळतात. दिवसातून अनेकदा घालतो. घातले की गालावर ओघळतात, आणि योगिनी घाबरून विचारते, "बाबा, काय झालं?"

तुझा,
रामचंद्र

*

सारसोळे
रविवार, ८ जून

दाजी,

नमस्कार. लिवायला उशीर झाला. पावसाळ्याची मासेमारीची बंदी लागायच्या आधी बाजाराची घाई व्हती, हे एक कारन. दुसरं म्हंजे लिवायला बसायचे आनि उठायचे. तुमच्यासारखं मला सरळ लिवता येत नाय. मासळीच्या पाटीवर बसून भांडायला बरं, समोरचा मानूस असतो.

मला राग कशाचा आला व्हता ते आता सांगते. सगळ्यांना वाटतं, दाजी रडले नाय म्हनून कमळी रागावली. दुनियेत न रडनारे बाप्ये काय कमी हायेत? आमच्या घरात पन व्हते. त्यांच्यावर कोन रागावलं?

गोजरीचं दुखनं वाढलेलं, जेवन जात नव्हतं. एक दिवस तुमी नेरुळच्या बाजारात माझ्या पाटीसमोर येऊन उभे ऱ्हायलात. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गंध, हातात पिशवी. सगळा बाजार बघायला लागला. मला वाटलं काय वाईट बातमी हाय. तुमी हळूच म्हनालात, "कमळे, निवटे आहेत का? तिला निवटे खावेसे वाटतात." जल्मात मासळीकडं बघितलं नाय तो मानूस खाडीच्या चिखलातले निवटे मागतोय! शेजारची म्हनाली, "माळ काढून ठेवा, बुवा, मंग घ्या." पोरी हसल्या. तुमी हसला नाय, रागावला नाय. साफ कसे करायचे ते इचारलंत. तिखट किती, चिंच किती, सगळं नीट इचारून घेतलंत. आनि म्हनालात, कोनाला सांगू नको.

मी नाय सांगितलं. पन गोजरीनं मला फोन केला व्हता. दाजींनी अंगनात वेगळी चूल मांडली, वेगळं मडकं घेतलं, स्वतः शिजवलं. मीठ मरनाचं झालं व्हतं. तरी तिनं सगळं खाल्लं. हसत व्हती फोनवर.

तो मानूस मी बघितला व्हता, दाजी. म्हनून त्या दिवशी तुमचे कोरडे डोळे बघून माझं डोकं फिरलं. वाटलं, निवटे शिजवनारा खोटा, का हा पोचलेला खोटा? दोघं एक कसे असतील? तेराव्याला तुमी शोक करू नका म्हनालात, तवा मला वाटलं, हाच खरा, तो बाजारातला माझा भास व्हता.

आता तुमी लिवता, तो पोचलेला खोटा निघाला. मंग रडताय कशाला? म्हंजे तुमाला रडता येत नाय, पन तसंच. बरंच झालं की. पोचलेल्या मानसाची पोथी आमाला काय कामाची? आमी कुठं पोचलोय?

परवा निर्जला एकादशी झाली. पानी प्यायलात का नाय, खरं लिवा.

कमळी

*

॥ श्रीहरि ॥

बोनकोडे
१२ जून २०२५

चि. कमळीस,

आशीर्वाद, आणि त्यांच्या आधी नमस्कार. वयाने मोठा असलो तरी आज तो क्रम मला उलटा करावासा वाटतो.

अंगणातल्या चुलीची गोष्ट गोजराने आपल्याबरोबर नेली, असेच मी समजत होतो. तिने ती तुझ्यापाशी ठेवली होती. मीठ अधिक झाल्याचेही मला आज कळते आहे. मला ती "बरं झालंय हो" एवढेच म्हणाली होती. मी चव पाहू शकत नव्हतो ना. तिने ते हसत खाल्ले आणि हसत तुला सांगितले, हे वाचून मी पत्र मिटून देवापुढे ठेवले. चार वर्षांत देवाने मला पाठवलेला हा सर्वांत मोठा प्रसाद. तो तुझ्या हातून आला.

तू विचारलेस, निवटे शिजवणारा खरा की पोचलेला खरा. कमळे, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे मला कोणी घातला नव्हता. मी माझ्या कोरड्या डोळ्यांची कीर्ती सांभाळत बसलो, आणि चुलीपाशी बसलेल्या त्या माणसाला विसरून गेलो. आजाराने माझे धन खोटे ठरवले, असे मागच्या पत्रात लिहिले. ते आता मागे घेतो. आजाराने मला माझा शोक परत दिला. मी दगड झालो नव्हतो. माझे रडणे आत होते, फक्त त्याची वाट बंद झाली होती. हे कळण्यासाठी एक विकार व्हावा लागला, तर त्या विकाराशी मी आता पूर्वीसारखा भांडणार नाही.

असे लिहिले म्हणून सारे सुरळीत झाले असे समजू नकोस. काही सकाळी बोटे उघडत नाहीत तेव्हा अजून राग येतो; आपल्याच देहाने आपल्यावर हत्यार उपसावे, याची खंत वाटते. योगिनी म्हणते, "बाबा, चिडायचं असेल तर चिडा, पण गोळी घेऊन चिडा." मी तसेच करतो.

आता निर्जला एकादशीविषयी. पाणी प्यायलो. सोळाव्या वर्षापासून जे व्रत एकदाही मोडले नव्हते, ते मोडताना हातात पेला घेऊन मी पोरासारखा अपराधी उभा होतो. पण पाणी व औषध यांनी व्रत भंगत नाही, असे आपल्या शास्त्रकारांनी कधीच लिहून ठेवले आहे. ते मी इतरांना अनेकदा सांगितले आणि स्वतःला एकदाही सांगितले नाही. पहिला घोट घेतला आणि ध्यानात आले, की प्रत्येक कर्माच्या आरंभी आपण आचमन करतो ते हेच. तळहातावरचे एवढेसे पाणी. आजवर ते मी हात ओला करून उरकत होतो. आता ते जिभेवर पडते तेव्हा तिला काय होते, ते मला कळते. दिवसभर घोट घोट पाणी पितो, आणि प्रत्येक घोटाला एक नाम घेतो. निरोगी तोंडात पाणी आपोआप सुटते, याबद्दल मी आयुष्यात कधी देवाचे आभार मानले होते का?

आता एक मागणे. आपल्या गावांत पोथीला पूर्वी दोघे बसत. वाचक ओवी म्हणे आणि सूचक तिचा अर्थ सांगे. गेली कित्येक वर्षे दोन्ही कामे मी एकटाच करीत आलो. दुसऱ्याचे वाचणे मला पसंत पडत नसे. आता एकट्याने होणे नाही. तू वाचक हो. तू सातवीपर्यंत शिकलेली, ओवीची चाल तुझ्या कानात बसलेली, आणि तुझा आवाज बाजारात पलीकडच्या ओळीपर्यंत पोचतो. तू ओव्या म्हणशील, तेवढ्यात मी घोटभर पाणी घेऊन अर्थ सांगेन. तू नाही म्हणालीस, तर यंदा पोथी होणार नाही. हा धाक नव्हे. दुसऱ्या कोणाशेजारी तिथे बसण्याचे धैर्य मला नाही.

तुझा,
रामचंद्र

*

सारसोळे
रविवार, २९ जून

दाजी,

नमस्कार. तुमचं डोकं ठिकाणावर हाय ना? का तो आजार तिकडं पन गेला?

मी मासळी विकनारी बाई. आसनावर बसले तर तुमची मंडळी काय म्हनतील? पयल्या ओवीला उठून जातील. आनि मला जोडाक्षर अडतं. "निवटे घ्या" वरडनं येगळं, ओवी म्हननं येगळं.

हे सगळं दोन दिवस मनाशी बोलले. तिसऱ्या दिवशी गोजरीचा फोटो पुसत व्हते. तुमाला ठाऊक हाय ती कशी बघते फोटोत, जसं काय आपन खोटं बोलतोय. मंग कपाटातून चष्मा काढला.

येते. पन आधी ऐका. नारळी पुनवेला मी येनार नाय, त्या दिवशी खाडीला नारळ देतो आमी, तुमची पोथी थांबेल. उच्चार चुकला तर लोकांसमोर डोळे वटारायचे नाय. तांब्या माझ्या हाताशी ठेवायचा, तुमी बोलायच्या नादात प्यायचं विसरता. आनि अर्थ थोडा सांगायचा. आजारी हाय म्हनून नाय बोलत. तुमी पयल्यापासून लय लांबवता. गोजरी शेजारी बसून मला चिमटे काढायची, आता आटपायला सांग म्हनून.

कमळी

*

॥ श्रीहरि ॥

बोनकोडे
२० जुलै २०२५

चि. कमळीस,

आशीर्वाद. तुझ्या साऱ्या अटी मान्य. चिमट्यांची गोष्ट मात्र तू आणखी काही वर्षे लपवली असतीस तरी चालले असते.

काल देवळात मंडळी जमली होती. आजार काय आहे ते मी सर्वांना सांगितले. नावासकट, काही न झाकता. मग वाचक कोण, ते सांगितले. एकाने चाचरत विचारले, "बुवा, पन त्या मासळीचा धंदा करतात ना?" मी उत्तर जुळवीत होतो, एवढ्यात मागून दुसरा म्हणाला, "मंग काय झालं? गावात मासळी न खानारे बुवा एकटेच हायेत. त्या हिशोबानं आपन सगळ्यांनी देवळाबाहेर बसाया पायजे." आणि सारे हसले. मी शास्त्राधार काढून आणले होते. ते तसेच पिशवीत राहिले.

श्रावणारंभी शुक्रवारी सायंकाळी ये. योगिनी तुला बसथांब्यावर घ्यायला येईल. ती म्हणते, मावशींना बघून चार वर्षे झाली.

रामचंद्र

*

सारसोळे
सोमवार, १८ ऑगस्ट

दाजी,

नमस्कार. रोज भेटतो, पन देवळात बोलायला मिळत नाय, आनि अध्याय संपला की तुमी आवाज राखायला गप बसता. म्हनून लिवते. योगिनीच्या हातात देईन.

काल काय झालं? इतके दिवस नीट चाललंय. मी म्हनते, तुमी सांगता, घोट घेता. लोक म्हनतात, यंदा समजतंय, यंदा बुवा थोडक्यात सांगतात. मला पन बायका हाका मारून मारून "वाचकबाई" म्हनतात, बाजारात सुद्धा. एक गिऱ्हाईक पापलेट घेता घेता पाया पडलं.

पन काल तो राजाचा अध्याय, त्याची रानी जाते, आनि त्याला म्हनते आता मी पुढं निघते, तुमी मागनं सावकाश या. ती ओवी मी म्हटली आनि थांबले. तुमी बोललाच नाय. मी तांब्या पुढं केला, तुमी घेतला नाय. परत केला, परत नाय. सगळे बघत व्हते. मंग तुमी हातानं खून केलीत, पुढं वाच. मी वाचलं. लोक बाहेर पडताना म्हनत व्हते, बुवांचं तोंड लय सुकलं, आजार वाढला वाटतं.

गोळी चुकवलीत काय? का बोटं दुखत व्हती? डॉक्टरीनबाईंकडं जायचं असेल तर मी येते सोबत. बुधवारी बाजार बंद ठेवते. लपवू नका. चार वर्सं मी नव्हते, आता हाय.

कमळी

*

॥ श्रीहरि ॥

बोनकोडे
१९ ऑगस्ट २०२५

चि. कमळीस,

आशीर्वाद. बाजार बंद ठेवू नकोस. गोळी वेळेवर घेतली होती, बोटेही बरी होती. डॉ. नंदिनी यांच्याकडे पुढल्या महिन्यात जायचे आहे. तेव्हा अवश्य चल. तू बरोबर असशील, म्हणजे बाकावरच्या बायकांना मी रस्ता चुकलेला वाटणार नाही.

"चार वर्सं मी नव्हते, आता हाय" असे तू लिहिलेस. त्या ओळीबद्दल तुझे आभार मानायला माझ्यापाशी शब्द नाहीत, आणि शब्दांवरच माझे आयुष्य गेले आहे. या वर्षाने माझे पुष्कळ नेले असे वैशाखात वाटत होते. आता संध्याकाळी आसनावर बसतो, शेजारी तू चष्मा सावरून ओवी लावतेस, समोर योगिनी लेकरे आवरीत बसलेली असते, आणि वाटते, इतके भरलेले ताट मला निरोगीपणी कधी मिळाले होते?

परवाचे खरे सांगतो. तांब्या घेतला नाही, कारण तहान नव्हती. तू ती ओवी म्हणत असतानाच मी घोट घेतला होता. माझे तोंड ओले होते आणि आवाज शाबूत होता. त्या ओवीचा अर्थ मला पाठ आहे. आत्मा अमर, देह नश्वर, शोक व्यर्थ. एवढेच म्हणायचे होते. ते म्हणावेसे वाटले नाही. राणी "सावकाश या" म्हणाली, तिथेच मी थांबलो होतो.

बुवांचे तोंड सुकले असे लोक म्हणतात, तर म्हणू देत. तू मात्र खरे जाणून अस. डोळे कोरडेच होते, कमळे. पण या खेपेला मला ठाऊक होते, की मी रडतो आहे.

तुझा,
रामचंद्र